शेवटचा गडी

"हा गडी," नाना म्हणाले, काठीचं टोक रोपाला टेकवलं आणि पुढे सरकले. मागच्या बाईने ते रोप उपटून टोपलीत टाकलं.

"ही बाई. ही बाई. हीबी बाईच. हा गडी."

भाद्रपदातली सकाळ होती आणि पायाखालची माती अजून ओली होती. मी हातात भिंग घेऊन नानांच्या शेजारून चालत होते. वनस्पतिशास्त्रात पहिला वर्ग मिळवलेली मी एका रोपाच्या पेरावर भिंग धरून वाकेपर्यंत हा सत्तरीचा म्हातारा दहा रोपं पुढे गेलेला असायचा. दोन ओळी झाल्यावर मी भिंग मुकाट्याने पिशवीत टाकलं.

"नाना, फुलं अजून नीट धरलीसुद्धा नाहीत. तुम्ही ओळखता कशावरून?"

"उभं ऱ्हाण्यावरनं. गडी उगा ताठ उभा ऱ्हातो. बाई आंग सावरून उभी ऱ्हाती." मग माझ्याकडे एक नजर टाकून म्हणाले, "तुमी बाई असून गड्यावानी उभ्या हाय. पाय उचला, चिखलात रुतताय."

मागच्या बाईला हसू फुटलं. ती त्यांची बायको, साळूबाई. मी तिला मावशी म्हणायला लागले होते.

ते रान गांजाचं होतं हे आधीच सांगून टाकते. नगर जिल्ह्यातल्या उंबरखळी नावाच्या वाडीत एक एकराचा तुकडा, चार कोपऱ्यांना चुन्याने रंगवलेले चार दगड, आणि त्या चार दगडांच्या आत लावायचा सरकारी परवाना. एका जुन्या रसशाळेला पोटाच्या विकारावरच्या चूर्णासाठी हे झाड लागायचं आणि तेही इथलंच लागायचं. इथली जात निराळी होती. कमरेच्या वर जायची नाही, पान काळपट हिरवं, देठ लाल, आणि दोन पावसांवर तरून जायची. गावात तिला 'बुटकी' म्हणायचे. औषधाला मादी झाडांचे तुरे लागतात. नराचा पराग उडाला की तुऱ्यात बी भरतं आणि तुऱ्याचं तेज जातं. म्हणून नर फुलायच्या आत वेचून काढायचे. ते काम पारख्याचं. गेनबा बनकर, म्हणजे आमचे नाना, एक्केचाळीस वर्षं त्या रानाचे पारखी होते आणि एक्केचाळीस वर्षांत त्यांच्या नजरेतून एकही नर सुटला नाही, असं सगळी वाडी छातीवर हात मारून सांगायची.

परवाना त्या वर्षी संपत होता. पुढे मिळणार नव्हता. मार्गशीर्षात कापणी झाली की खात्याचे लोक येऊन उरलंसुरलं जाळणार आणि चार दगड उपटून नेणार, असं ठरलं होतं. आमच्या संशोधन केंद्राने रीतसर परवानगी काढून मला पाठवलं होतं ते एवढ्याचसाठी की ही जात नाहीशी व्हायच्या आत तिचं मूठभर बी आमच्या बीज संग्रहात यावं. माझी ती पहिलीच कामगिरी. घरी आईला मी कडधान्यावर काम आहे म्हणून सांगितलं होतं. आमची नलू मटकीवर संशोधन करते, असं ती सगळ्या चाळीला सांगत सुटली होती.

"नाना, मागच्या ओळीत तो एक राहिला का हो? तो दगडाशेजारचा?" मी मागे वळून विचारलं.

नाना जागच्या जागी थांबले. मान मात्र वळवली नाही.

"बाई, वळ सोडली की सोडली. पारख्यानं मागं वळून बघायचं न्हाई. आपुनच आपल्या नजरंचा भरवसा धरला न्हाई, तर दुसऱ्यानं कशाला धरावा?"

"आणि खरंच राहिला असेल तर?"

"ऱ्हात न्हाई."

मी जाऊन बघितलं. ती बाईच होती.

ऊन चढलं तेव्हा आम्ही शेवटच्या ओळीच्या टोकाला पोचलो. मावशी टोपली सावरून उभ्या होत्या. शेवटचा नर नानांनी कुणाला उपटू दिला नाही. स्वतः खाली बसले, काठीच्या टोकाने भोवतीची माती सैल केली, आणि ते रोप मुळांना चिकटलेल्या ढेकळासकट अलगद उचलून टोपलीत सगळ्यांच्या वर ठेवलं. आधीचे सगळे नर मानगुटीला धरून ओढले होते, ह्याची मात्र एवढी सरबराई.

"हे काय, नाना?"

"शेवटचा गडी. ह्याला मानानं पाठवायचं."

मी वहीत 'स्थानिक विधी' असं लिहून त्याखाली रेघ मारली.

दुपारी भाकरी खाताना मी मुद्द्याला हात घातला. "नाना, मला बी हवंय. दोन मुठी पुरेल."

"आमच्या रानात बी नसतं. बी झालं, तर मी कशाला?"

"पण मग दर साली पेरता काय?"

नानांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि शांतपणे म्हणाले, "म्हसोबा देतो."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण तसं नव्हतं. दर वर्षी आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी म्हसोबाच्या दगडापाशी वाळक्या भोपळ्याचं एक तुंबडं सापडायचं, आणि त्यात एकराला पुरेल एवढं बी. कोण ठेवतं ते कुणी बघितलं नव्हतं आणि विचारायची रीतही नव्हती. "देव द्यायला लागला की हिशेब इचारू न्हाई," नाना म्हणाले. मावशी चुलीपाशी पाठ करून भाकरी थापत होत्या.

"पण यंदाचं सगळं पेरलंत ना? आणि आखितीला रानच नसणार. मग मला बी कोण देणार?"

"म्हसोबालाच इचारा."

हे मी केंद्रातल्या साहेबांना अहवालात कसं लिहिणार होते, देव जाणे. म्हणजे म्हसोबाच जाणे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत निघताना विहिरीच्या कडेला मावशींचा अंबाडीचा वाफा दिसला. रानाच्या चार दगडांपासून पाचपन्नास पावलांवर. आपल्या संग्रहात अंबाडी नाही हे आठवून मी नमुन्याला एक शेंडा खुडायचा ठरवलं. चांगल्या झाडाचं नुकसान नको म्हणून मुद्दाम एक मान टाकलेलं, कोमेजलेलं झाड निवडलं. शेंडा कागदात दाबला, वर लिहिलं, 'अंबाडी. विहिरीकाठ, साळूबाई बनकर यांचा वाफा.' आणि धावत जाऊन एसटी पकडली.

तो कागद मी उघडला तीन महिन्यांनी. परत उंबरखळीला निघायच्या आदल्या दिवशी नमुन्यांवर नावं चिकटवत बसले होते. अंबाडीचं पान आणि गांजाचं पान लांबून बहिणीबहिणी दिसतात, दोन्ही बोटं पसरलेल्या हातासारखी. पण वाळलेला शेंडा पांढऱ्या कागदावर समोर आला तेव्हा मी भिंग काढलं. पानांच्या बगलेत मण्यांसारख्या बारीक कळ्या लोंबत होत्या. ती अंबाडी नव्हती. तो गांजाचा नर होता, आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालेल्या कुमारी नलिनी टिपणीस यांनी त्यावर स्वहस्ते 'अंबाडी' असं लिहिलं होतं.

मी तो कागद कुणाला दाखवला नाही. सकाळी पिशवीत घालून निघाले.

मार्गशीर्षात रान कापणीला आलं होतं. खात्याचे इन्स्पेक्टर सोमवारी येणार होते. त्याच दिवशी रसशाळेचे मालशे वैद्य नानांना शाल-श्रीफळ देणार होते. 'अचूक नजरेच्या पारख्याचा सत्कार' असा फळा शाळेच्या मास्तरांनी आधीच रंगवून ठेवला होता आणि नाना येताजाता तो न बघितल्यासारखं करून बघत होते. मी शनिवारी पोचले. मावशी विहिरीवर धुणं धूत होत्या. मी तिथे गेले आणि काही न बोलता कागद त्यांच्यापुढे धरला.

मावशींनी हात पदराला पुसले आणि शेंडा बघितला. त्या घाबरतील असं मला वाटलं होतं. त्या एकदम ओरडल्या, "आत्ता गं बया! तरीच म्हणलं ह्याचा शेंडा कुणी खुडला! म्या तीन दीस शेरडीला शिव्या घातल्या की!"

"मावशी, मेलं का हो ते झाड?"

"मरतंय कशाला! शेंडा गेल्यावर बगलंतनं धा फांद्या फोडल्या मेल्यानं. आवंदाच्यावानी फुलला न्हाई कव्हा."

मग एकदम त्यांना आपण काय बोललो ते उमगलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, माझा हात धरला आणि मला अंबाडीत नेलं. अंबाडी माथ्याच्या वर गेली होती. तिच्या मधोमध, बाहेरून अजिबात दिसणार नाहीत अशा तीन बुटक्या माद्या उभ्या होत्या आणि त्यांचे तुरे बियांनी गच्च भरले होते.

"म्हसोबा," मी म्हणाले.

"हळू बोला," मावशी म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं ते असं. लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी साठवलेलं बी संपलं. त्याच वर्षी तरुण गेनबा पहिल्यांदा पारखी म्हणून रानात उतरला. "ह्यांनी रान असं साफ केलं, की तुरा चुरला तरी दाणा न्हाई. समदं गाव म्हणलं, काय नजर हाय! म्या म्हणलं, नजर हाय खरी, पर फुडल्या साली पेरायचं काय, नजर?"

"मग नानांना सांगायचं की."

"काय सांगायचं? येक गडी ठिवा म्हून? पारख्यानं ठिवलेला आन पारख्याच्या हातनं सुटलेला, गावाला दोन्ही येकच. नवं नवं नाव झालेलं ह्यांचं." म्हणून त्यांनी टोपलीतला एक नर अंबाडीत लावला आणि तीन माद्या जोडीला. नर फुलायला आला की त्याचा पराग रानात उडू नये म्हणून पहाटे, वारा पडलेला असताना, त्या फांद्या तोडायच्या, परातीत झाडायच्या, आणि परागाचं बोट घेऊन एकेका तुऱ्याला लावायचं. "हळदीकुकू लावावं तसं. लगीनच म्हणा की. मंग नवरदेवाला तडक चुलीत घालायचा."

आज आमच्या केंद्रात नव्या मुली हे काम शिकायला येतात तेव्हा मऊ कुंचले घेऊन येतात. मी त्यांना कुंचला बाजूला ठेवायला सांगते आणि उजव्या हाताचं तिसरं बोट पुढे करायला लावते. कुठे शिकलात बाई, असं विचारलं की विहिरीवर, असं सांगते. त्यांना ती थट्टा वाटते.

"बी घ्या तुमी," मावशी म्हणाल्या. "तुंबडं भरून देते. माझ्यामागं कोण ठिवणार हाय? पर येक गोष्ट. ह्यांना कळता कामा न्हाई. ह्यांच्यापाशी नाव म्हणाल तर ती नजर. एक्केचाळीस वर्सं विहिरीच्या काठाला, नाकाखाली गडी उभा व्हता म्हणल्यावर... त्यापरीस बी जाळून टाकीन मी."

आणि त्या खरंच जाळतील हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

माझी पंचाईत तिथून सुरू झाली. बी नुसतं पिशवीत टाकून नेता येत नव्हतं. छापील अर्ज होता. त्यावर परवानाधारकाची सही हवी, म्हणजे नानांची, आणि 'बियाण्याचा स्रोत' या रकान्यात ते कुठल्या झाडाचं, कसं मिळालं ते लिहायचं होतं. रविवारभर मी तो रकाना घेऊन बसले. 'म्हसोबा' लिहून खोडलं. 'स्थानिक देवस्थान' लिहून बघितलं. ते वाचून साहेब मला कायमची मटकीवर बसवतील अशी खात्री वाटून तेही खोडलं. शेवटी रकाना कोरा ठेवला आणि गर्दीत, सत्काराच्या गडबडीत, नानांची सही घ्यायची असं ठरवलं. चोराला शोभेल अशी युक्ती होती, पण दुसरी सुचत नव्हती.

सोमवारी सकाळी खळ्यावर सगळी वाडी जमली. तुरे पोत्यांत भरून रसशाळेच्या टेम्पोत चढले होते. रानात उरलेल्या काड्यांचा ढीग पेटवून इन्स्पेक्टर होनराव टेबलाशी येऊन बसले. माणूस वाईट नव्हता, पण चोख होता. मी नानांच्या पुढे अर्ज सरकवला तेवढ्यात होनरावांनी मधेच तो उचलला.

"बियाणं? कुठाय?"

मी तुंबडं टेबलावर ठेवलं. त्यांनी बूच काढून चार दाणे तळहातावर घेतले.

"ताजं आहे. यंदाचं. रकाना कोरा का, टिपणीसबाई?"

मी काहीतरी पुटपुटले.

"ह्या रानात बी होत नाही असं आमच्या दप्तरी दर वर्षी लिहिलेलं आहे. मग हे चार दगडांच्या आतलं नाही. बाहेरचं असेल तर विनापरवाना लागवड झाली. बी जप्त होईल आणि ज्याने लावलं त्याच्यावर गुन्हा नोंदवावा लागेल." त्यांनी पेन उघडलं. "कोणी दिलं तुम्हाला?"

मावशी बायकांच्यात उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडाशी धरलं होतं आणि एक पाऊल पुढे टाकलेलं मला दिसलं. खरं सांगितलं तर मावशी अडकणार होत्या, आणि खोटं सांगायला मला म्हसोबापलीकडे काही सुचत नव्हतं.

"आतलंच हाय," नाना म्हणाले.

सगळ्यांनी तिकडे बघितलं. नाना सत्काराच्या खुर्चीवरून उठले होते. नवं धोतर, नवा फेटा.

"पाचव्या वळीच्या टोकाला येक गडी ऱ्हायला. माझ्या नजरंतनं सुटला. त्यानं तीन बाया धरल्या. त्येंचं बी हाय ते."

"तुमच्या नजरेतून?" होनरावांचं पेन तसंच राहिलं.

"व्हय. वय झालं, सायेब. लिवा."

मालशे वैद्य शाल हातात धरून उभे होते. त्यांचा चेहरा पडला. "नाना, अहो, एक्केचाळीस वर्षांत कधी..."

"आवंदा झालं, वैद्यबुवा. बाई, लिवा तुमी बी. तुमच्या त्या खान्यात. पारख्याच्या नजरंतनं सुटला, म्हून लिवा. आना हिकडं, मी सई करतो."

मी लिहिलं. अक्षर कसं आलं होतं ते आजही त्या अर्जावर बघायला मिळतं. नानांनी खाली वाकून, जीभ दातात धरून, एकेक अक्षर कोरत सही केली. होनरावांनी अर्जाकडे बघितलं, नानांकडे बघितलं, आणि रानाच्या पाचव्या ओळीकडे जायला ते उठतात की काय असं मला वाटलं. पण तिकडे आता राख होती. त्यांनी शिक्का मारला.

मागून कुणीतरी हळू बोललं, "नानाची नजर गेली." दुसऱ्याने त्याला गप्प केलं. पण ते सगळ्यांनी ऐकलं होतं, नानांनीही ऐकलं होतं. मास्तर फळ्यापुढे जाऊन असे उभे राहिले की 'अचूक' हा शब्द त्यांच्या पाठीमागे झाकला जावा. वैद्यांनी शाल पुढे केली, तेव्हा नानांनी ती अंगावर घेतली नाही, घडी तशीच काखेत मारली. नारळ पोरांना फोडून वाटायला दिला.

खळ्यावरून घराकडे वाट रानाच्या कडेने जाते. नाना काठी टेकत पुढे, मावशी त्यांच्या मागे, आणि सगळ्यांत शेवटी तुंबडं छातीशी धरून मी. मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. पहिली कामगिरी फत्ते झाली होती. पण मला रडायला येत होतं, आणि पुढे मावशी मुसमुसत होत्याच.

"खोटं कशापायी बोललात?" त्या शेवटी म्हणाल्या. "तुमच्या नजरंतनं काय बी सुटलेलं न्हाई. एवढ्या लोकांत... ते म्या..."

"ठाव हाय," नाना पुढे बघूनच म्हणाले.

"काय ठाव हाय?"

"समदं."

मावशी थबकल्या. मीही थबकले. नाना चालतच राहिले, म्हणून आम्हाला पुन्हा पावलं उचलावी लागली.

"कव्हापासनं?"

"पयल्या सालापासनं. उपटलेला गडी उकिरड्यावर जातो. तुजी टोपली विहिरीकडं गेली. मागं बघायचं न्हाई म्हणतो मी, पर विहीर काय मागं न्हाई, म्होरंच हाय."

"आन मंग बोलला न्हाईत?"

"तू बोललीस?"

मावशींच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. हसू होतं का रडू, मला मागून कळेना.

"एक्केचाळीस वर्सं," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांना राग आला होता, चांगला पोटातून. "एक्केचाळीस वर्सं पहाटं उठून, पावलं न वाजवता, परात पदराखाली झाकून... आखितीला अंधारात ठेचकाळत म्हसोबाला... आन तुमी जागं!"

"जागाच व्हतो. दर साली मनात म्हणायचो, हळू जा म्हणावं, पडशील."

"म्हणायचं मंग!"

"म्हणलं असतं तर तुजा म्हसोबा गेला असता, आन माजा पारखी. पेरायला काय ऱ्हायलं असतं?" ते थोडं चालले. "आन साळू, शेवटचा गडी मी राखून कशाला ठिवायचो? मान म्हून? झाडाला कसला आलाय मान! समद्या रानात उजवा गडी कोन हाय ते हेरून ठिवायचा, माती सैल करून मुळ्यांसकट द्यायचा, टोपलीत वर. खालचा कोंबलेला येखादा लावशील, ह्येची धास्ती."

मावशी बारीक आवाजात म्हणाल्या, "येका साली म्या खालचाच लावला व्हता. वरचा हातातनं पडून मोडला."

"ठाव हाय. फुडल्या साली पीक छातीला लागलं. दोन सालं लागली त्याला परत बुटकं करायला."

मी वाटेतच उभी राहिले. नानांनी नर निवडायचा, मावशींनी माद्या निवडायच्या, आणि एक्केचाळीस पिढ्या ही जात अशी जशीच्या तशी राखायची, एकमेकांशी एक अक्षर न बोलता. पिशवीतल्या अर्जात 'निवड कोणी केली' असा आणखी एक रकाना होता. दुपारी मी त्यात दोन नावं लिहिली, आणि आमच्या शीतकोठीतल्या बुटकीच्या पाकिटावर ती दोन्ही नावं आजही आहेत. पण ते नंतर.

वाट विहिरीपाशी वळते तिथे मावशी म्हणाल्या, "आता गाव काय म्हणंल? पारख्याचा गडी सुटला."

"म्हणू दे. रान सरलं, आता पारखी कशाला पायजे? बी ऱ्हायलं न्हवं?"

असं म्हणून नाना थांबले. काठी बगलेत धरली, काखेतली शाल काढून तिची घडी उलगडली, आणि वळले. पुरतेच वळले, मागे तोंड करून, आणि मावशींकडे बघत उभे राहिले. चांगलं निवांत, वरपासून खालपर्यंत बघितलं. मग शाल त्यांच्या खांद्यावर टाकली.

मावशींना एवढं लाजायला झालं की त्यांनी डोक्यावरचा पदर होता तो आणखी पुढे ओढला.

"अवो, बाई बघत्यात! मागं काय वळताय? पारख्यानं मागं बघायचं न्हाई न्हवं?"

"रान संपलं की, साळू," नाना म्हणाले. "आता बघायला काय हरकत हाय?"